ऑपरेशन थिएटरच्या दारातले देव

माझी अख्खी नोकरी एका दारात गेली म्हटलं तरी चालेल. परळच्या ज्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर होते, तिथे थिएटरच्या अलीकडे एक छोटी खोली आहे. वॉर्डातून पेशंट ट्रॉलीवर तिथे यायचा. मग नाव विचारायचं, सकाळपासून पोटात काही गेलं नाही ना ते दोनदा विचारायचं, कवळी काढायची, नेलपॉलिश पुसायचं आणि अंगावरचं सगळं उतरवून घ्यायचं. सगळं म्हणजे सगळं. बाहेरच्यांना वाटतं, ऑपरेशन म्हणजे सर्जनची सुरी. अहो, सुरी खूप पुढे. त्याच्या आधी ही उतरवाउतरवी असते आणि खरी डोकेफोड तिथेच होते.

अंगठी, बांगडी, कानातलं उतरवायला कोणी भांडत नाही. सोन्याची काळजी असते, ते नातेवाइकाच्या हातात दिलं की झालं. भांडण होतं ते देवावरून. ताईत, क्रूस, जानवं, देवीचा टाक, बाबांचा धागा, मन्नतीचा गंडा. माणूस पोट फाडून घ्यायला तयार असतो, पण मनगटावरचा मळका दोरा काढायला तयार नसतो. आणि मग जो तो त्याला शहाणपण शिकवायला लागतो.

आता आमच्या लालबागच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी हेच चालतं. याच्या देवाला तो नावं ठेवतो, त्याच्या उपासाला हा हसतो, आणि दोघांनाही एकमेकांच्या घरात काय चालतं याचा पत्ता नसतो. मी चहा पिता पिता वाचते आणि मनात म्हणते, बाबांनो, माझ्या खोलीत आला असतात तर एका सकाळीत सरळ झाला असतात.

पण न उतरवून चालत नाही, हेही समजून घ्या. त्याला कारणं आहेत. पोट उघडलं की बारीक रक्तवाहिन्या विजेच्या यंत्राने शेकून बंद करतात. ती वीज पेशंटच्या अंगातून फिरते. अंगावर कुठे धातू असला तर तिथे चटका बसू शकतो, आणि भूल दिलेला माणूस ओरडत नाही. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं घाम, तेल आणि हळदीकुंकू प्यायलेला दोरा. आम्ही कोपरापर्यंत हात घासायचे आणि पेशंटने तो दोरा घेऊन आत यायचं, हे कसं जमणार? त्यामुळे नियम बरोबरच. माझं भांडण नियमाशी कधीच नव्हतं. नियम सांगता सांगता लोक धर्मावर प्रवचन सुरू करायचे, त्याच्याशी होतं.

रे रोडच्या लाकडाच्या वखारीतला एक माणूस आला होता, हर्नियाचा. दंडाला ताईत. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी त्याला अंधश्रद्धेवर इतकं ऐकवलं की तो बिचारा ट्रॉलीवर उठून बसला. मी विचारलं, "भाई, निकालने में क्या तकलीफ है?" तो म्हणाला, "निकालने में कुछ नहीं सिस्टर, जमीन पे नहीं रखना. अम्मी के हाथ में दो." एवढंच. अम्मी दाराबाहेर बसलेली. ताईत तिच्या ओंजळीत दिला, हा आत गेला. डॉक्टर ज्याच्यावर बोलत होते ते त्याच्या डोक्यातच नव्हतं.

माहीमच्या एका ख्रिस्ती आजीने तर गळ्यातला क्रूस स्वतःच काढला, त्याचा मुका घेतला आणि माझ्या खिशात टाकला. म्हणाली, "तू आत येणार ना? मग झालं." मी आत तो क्रूस खिशात घेऊन उभी. जन्माची माळकरी बाई मी, पण त्या दिवशी आत येशूला घेऊन गेले आणि परत आणला.

सगळेच असे सोपे नव्हते. एक गृहस्थ वादावादीत चिडले आणि तसेच उठून घरी गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांचं पुढे काय झालं कोणास ठाऊक. ती खंत आहे मला. म्हणूनच शेटेबाई आल्या त्या दिवशी मी कंबर कसली.

शेटेबाई म्हणजे नायगावच्या. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. सडपातळ, ताठ, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. आवाज असा की ट्रॉलीवर झोपूनसुद्धा त्या वर्गात उभ्या आहेत असं वाटावं. आतड्यात गाठ होती आणि रस्ता जवळजवळ बंद झाला होता. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. आमचे सर्जन डॉ. रेगे यांनी आदल्या दिवशीच त्यांच्या मुलाला स्पष्ट सांगितलं होतं, की आज ऑपरेशन झालं तर बाई वाचतील, आतडं फुटल्यावर आणलंत तर माझ्या हातात काही नाही.

मुलाचं नाव महेश. कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, चाळिशीतला. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, आधी एका नर्सिंग होममध्ये नेलं होतं. तिथे ट्रॉलीवरून उतरून चालत घरी आली. आज पण तसंच करेल ती. प्लीज काहीतरी करा."

"का उतरल्या?"

"कळेलच तुम्हाला."

कळलं. बाईंनी स्वतःहून कानातल्या कुड्या काढल्या, बांगड्या काढल्या, कवळी काढून वाटीत ठेवली. कपाळावरचं भस्म मी पुसायला गेले तर म्हणाल्या, "थांबा, मी पुसते. उद्या परत लावता येईल." मला वाटलं, किती समजूतदार पेशंट. मग गळ्यात एक चांदीची अंडाकृती डबी होती, जाड दोऱ्यात. मी हात पुढे केला. बाईंनी त्यावर आपला हात ठेवला.

"हे नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, आत धातू चालत नाही."

"डबी चांदीची आहे. डबी काढून देते. दोराही काढून देते. आत आहे ते देणार नाही."

डबी उघडून त्यांनी मला दाखवलं. मोठ्या सुपारीएवढं, काळंभोर, गुळगुळीत. लिंगायत लोक गळ्यात लिंग बांधतात एवढं मला ऐकून माहीत होतं. हातभर अंतरावरून पाहिलं ते पहिल्यांदाच. बाई म्हणाल्या, "हे इष्टलिंग. जन्मले तेव्हा बांधलं, तेव्हापासून अंगावेगळं केलेलं नाही. महेशच्या बाळंतपणात होतं. त्याचे वडील गेले त्या दिवशी होतं. मी मेले की माझ्या हातात देऊनच मला पुरतील. मरायला मी तयार आहे सिस्टर. हे काढायला नाही."

आवाज चढवून नाही, हट्टाने नाही. पाढा म्हणून दाखवावा तसं सांगितलं. मला माहीत होतं, अशी माणसं खरोखर उठून जातात.

मग जी सभा भरली ती मी जन्मात विसरणार नाही.

पहिले आले आमचे भूलतज्ज्ञ डॉ. फडणीस. हुशार, कामाला वाघ, वयाने तरुण. देव या विषयावर बोलायला त्यांना फार आवडायचं, कारण ते देव मानत नव्हते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही गणिताच्या शिक्षिका ना? एका दगडासाठी जीव धोक्यात घालता? तो दगड तुम्हाला बरं करणार आहे का?"

"मी असं कधी म्हटलं?" बाई म्हणाल्या.

"मग कशाला हवाय?"

"बरं करायला तुम्ही आहात की. ते काम मी ह्याला सांगितलेलंच नाही."

फडणीस जरा गडबडले. त्यांची सगळी तयारी दगड बरं करतो असं मानणाऱ्या माणसासाठी होती. तरी सोडतात थोडेच? "नाही पण लॉजिकली बघा बाई," असं म्हणून त्यांनी परत सुरुवात केली. बाईंनी त्यांना थांबवलं. म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला मला विचारायचं आहे की मला हरवायचं आहे? विचारायचं असेल तर सांगते. हरवायचं असेल तर मी आधीच आडवी पडले आहे."

शेजारच्या ट्रॉलीवर ठाकूरद्वारच्या एक काकू होत्या, पित्ताशयाच्या. त्यांचा नंबर बाईंच्या नंतर होता. त्यांना राहवेना. "अहो शेटेबाई," त्या झोपल्या झोपल्याच म्हणाल्या, "डॉक्टरांचं सोडा. पण आत रक्तमांस असतं हो. देव तिथे नेतात का? विटाळ होईल. देवासाठी म्हणून तरी बाहेर ठेवा."

"आमच्यात विटाळ नाही," बाई म्हणाल्या. "बाळंतिणीच्या अंगावरही हे असतंच."

"असं कसं? देव म्हटला की विटाळ आलाच."

"तुमच्याकडे असेल."

"इश्श, देव काय तुमचा वेगळा आमचा वेगळा असतो?" काकू म्हणाल्या आणि समजूत घातल्याच्या आनंदात माझ्याकडे बघून हसल्या.

तेवढ्यात महेश आत घुसला. खरं म्हणजे नातेवाइकांना त्या खोलीत यायची परवानगी नाही, पण त्या दिवशी कोण कोणाला अडवणार. त्याच्या हातात मोबाईल. "आई, हे बघ. इथे लिहिलंय, तुमच्यात मूर्तिपूजाच नाही. देऊळ नाही, मूर्ती नाही. मग हे काय धरून बसलीस?"

"तुमच्यात?" बाई म्हणाल्या. "तू कुठे जन्मलास रे?"

"विषय बदलू नकोस."

"मूर्ती नाही, देऊळ नाही, बरोबर वाचलंस. का नाही ते वाचलंस का? हा माझ्यापाशी आहे म्हणून देऊळ नाही. हाच काढून ठेवला तर मग उरलं काय माझ्याकडे?"

महेशचा बांध फुटला. एवढा मोठा माणूस, ट्रॉलीचा दांडा धरून रडायला लागला. "मला देव नको आई. मला तू हवी आहेस."

"मग देवावरून माझ्याशी भांडू नकोस," बाई म्हणाल्या. पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी त्याचा हात घट्ट धरला होता.

शेवटी डॉ. रेगे आले. हात घासायला निघालेले, आरडाओरडा ऐकून थांबले. रेगे म्हणजे मोठे भाविक. आमच्या थिएटरच्या पॅसेजमध्ये कोनाड्यात छोटा गणपती आहे. त्याला नमस्कार केल्याशिवाय ते कधी सुरीला हात लावत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि इतक्या प्रेमाने म्हणाले, "बाई, तुमची अडचण मला समजते. मी स्वतः देव मानतो. असं करू, तुमचं लिंग मी माझ्या हाताने आमच्या बाप्पापाशी ठेवतो. देवाजवळ देव. ऑपरेशन संपलं की माझ्याच हाताने परत देतो. मग तर झालं?"

आम्हाला सगळ्यांना वाटलं, सुटला गुंता. काकूंनी ट्रॉलीवरूनच हात जोडले. फक्त बाईंचा चेहरा पार उतरला. इतका वेळ ताठ असलेली बाई, तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "डॉक्टर, तुम्ही मनापासून बोललात, म्हणून तुम्हाला नाही म्हणणं जड जातंय. पण हा कोनाड्यात ठेवायचा देव नाही. माझं अंग हीच त्याची जागा. दुसऱ्याच्या देवापाशी ठेवला काय आणि कपाटात ठेवला काय, माझ्यापासून तुटलाच." आणि त्यांनी महेशला सांगितलं, "माझी चप्पल आण."

रेग्यांना किती लागलं ते मी बघितलं. जे त्यांच्याकडे सगळ्यात मोलाचं होतं ते त्यांनी देऊ केलं होतं. फडणिसांनी घड्याळ बघितलं. महेश जमिनीवर बसला. चप्पल आणायला तो काही उठेना.

तेव्हा माझं डोकं फिरलं आणि त्याच सेकंदाला प्रकाशही पडला. म्हटलं, अरे, इथे बाईंच्या देवाबद्दल कोणी बोलतच नाहीये. फडणीस ज्या देवाशी भांडतायत तो नवस घेऊन आजार बरे करणारा देव, त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरात कोणीतरी त्यांच्या माथी मारलेला असावा. काकू बोलतायत ते त्यांच्या सोवळ्याच्या देवाबद्दल. रेगे बोलतायत कोनाड्यातल्या बाप्पाबद्दल. महेश तर मोबाईलशीच बोलतोय. प्रत्येकजण आपापला देव घेऊन आला होता आणि या बाईने आपला देव त्या साच्यात बसवावा म्हणून तिच्या मागे लागला होता.

मी म्हटलं, "सगळे बाहेर. डॉक्टर, तुम्हीपण. पाच मिनिटं द्या मला."

"सावंत सिस्टर, ऑपरेशनची लिस्ट लांबतेय," फडणीस म्हणाले.

"लिस्ट लांबली तर लांबली. ही बाई गेली तर परत येणार नाही. जा तुम्ही."

माझ्या त्या आवाजाला हॉस्पिटलात कोणी कधी उलट उत्तर दिलं नाही. गिरणगावात वाढलेली मी. सगळे गेले. काकूंना बाहेर जाता येत नव्हतं, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, कान मात्र इकडेच.

मी स्टूल ओढून बाईंच्या जवळ बसले. "बाई, का धरता ते मी विचारत नाही. ते माझं काम नाही. रोज काय काय करता तेवढं सांगा."

"कशाला?"

"मला ह्या वस्तूला सांभाळायचं आहे आत. ती कशी सांभाळतात ते मला माहीत नको?"

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग सांगायला लागल्या. सकाळी अंघोळ. भस्म. मग डबी उघडून लिंग बाहेर काढायचं. डाव्या तळहातावर घ्यायचं. पाण्याने स्नान घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान असेल तर वाहायचं. आणि मग तळहात डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे एकटक बघत बसायचं.

"म्हणजे त्या वेळी गळ्यात नसतं?"

"नाही, हातात असतं. हात म्हणजे तर त्याची बसायची जागा. गळ्यात हिंडताफिरताना."

"आणि दोरा? डबी?"

"दोरा जीर्ण झाला की बदलतोच आम्ही. डबी काय, माझ्या आईची तर कापडात गुंडाळलेली असायची."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या मांडीवर थाप मारली. "बाई, मग डाव्या हातातच घेऊन झोपा की आत."

त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "भूल दिल्यावर मूठ सुटेल ना?"

"सुटणारच. म्हणून मी ती बांधणार. मुठीत लिंग, वरून निर्जंतुक बँडेज, वरून ग्लोव्ह. ऑपरेशन पोटावर आहे, हात बाजूला पसरलेला असतो. सलाईन उजव्या हाताला लावू. तुमच्या डाव्या हाताला माझ्याशिवाय कोणी हात लावणार नाही, हा माझा शब्द."

"आणि मी ते ऑटोक्लेव्हमध्येसुद्धा घालून देते," मी उत्साहात म्हटलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा मोठा कुकर, त्यात वाफेवर हत्यारं उकडून काढतात. बाई एकदम उठून बसल्या. "छे छे. वरचा हा काळा लेप आहे ना, राख आणि राळ वगैरे घालून केलेला असतो. तुमच्या कुकरमध्ये विरघळून जाईल." चांगुलपणाच्या नादात मी या बाईचा देव शिजवणार होते.

मग ठरलं ते असं. मी निर्जंतुक पाण्याची सीलबंद बाटली फोडली आणि बाईंच्या हातात दिली. त्यांनी ट्रॉलीवर बसून लिंगाला स्नान घातलं, खाली मी स्टीलचा ट्रे धरला. निर्जंतुक गॉजने कोरडं केलं. शेजारून काकू म्हणाल्या, "अगंबाई, इतकं शुद्ध पाणी तर आमच्या देवांनासुद्धा मिळत नाही." बाई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

आता फडणीस. भूलतज्ज्ञाचा शब्द थिएटरमध्ये शेवटचा असतो. पेशंटचा श्वास त्यांच्या हातात असतो, त्यामुळे ते योग्यच आहे. मी बाहेर गेले आणि म्हटलं, "डॉक्टर, देवाचं काढू नका. तुमची हरकत काय ती सांगा. एकेक."

"धातू."

"डबी काढली. दगड आहे, लेप आहे. धातू नाही."

"घाण दोरा."

"काढला. लिंग माझ्या डोळ्यांदेखत धुतलंय."

"मला बोटं दिसायला पाहिजेत. रंग बघायला."

"उजव्या हाताची पाचही बोटं तुमची. ऑक्सिजनची क्लिप तिथेच लावा. डाव्या हाताची टोकं मी उघडी ठेवते, ग्लोव्ह बोटांवर कापते."

"बँडेज घट्ट झालं आणि हात सुजला तर?"

"सैल बांधीन आणि ऑपरेशनभर मी बघत राहीन. दुसरं काम घेणार नाही."

फडणीस थांबले. मग म्हणाले, "आणि हरवलं तर? आपल्या हातून हे हरवलं तर ती बाई आपल्याला..." वाक्य त्यांनी पुरं केलंच नाही. मला एकदम कळलं, की ह्या माणसाला ती वस्तू दगड वाटत नाहीये आता. घाबरलाय तो तिला. मी म्हटलं, "हरवणार नाही डॉक्टर. मी आहे ना."

डोकं खाजवत ते म्हणाले, "बांधा. पण त्यांना सांगा, मला अजून पटलेलं नाही."

"त्यांनी पटवून घ्यायला सांगितलंच नाहीये तुम्हाला. भूल द्यायला सांगितली आहे."

रेगे मागे उभे होते, ते मोठ्याने हसले. कोनाड्यापाशी जाऊन त्यांनी बाप्पाला नमस्कार केला आणि हात घासायला गेले.

मी बाईंची मूठ बांधली. त्यांनी लिंग तळहातावर घेतलं, बोटं मिटली, आणि मी गॉजचे वेढे घेत गेले. नोकरीत हजारो बँडेज बांधली असतील, पण इतकं मन लावून कधी बांधलं नव्हतं. आत जाताना त्यांनी महेशकडे बघून मूठ जराशी वर केली. तो बाहेर दाराला टेकून उभा होता. त्याने मान हलवली.

ऑपरेशन लांबलं. गाठ अपेक्षेपेक्षा चिवट निघाली. रेगे काही बोलत नव्हते, नुसती हत्यारं मागत होते. मी डाव्या हाताजवळ उभी. मधून मधून बोटांची टोकं दाबून बघत होते. गुलाबी, ऊबदार. मूठ मात्र पार ढिली पडली होती. औषधाने स्नायू सगळे सैल होतात, तेव्हा धरून ठेवणारं फक्त माझं बँडेज होतं. एकदा रेग्यांनी मान वर न करता विचारलं, "सिस्टर, डावीकडे सगळं ठीक?" मी म्हटलं, "ठीक." अशी विचारपूस मी त्या टेबलावर पूर्वी कधी ऐकली नव्हती.

गाठ निघाली. आतडं जोडलं. टाके झाले. रेग्यांनी ग्लोव्ह काढले आणि एक मोठा श्वास सोडला. आता पुढचं काम फडणिसांचं.

भूल उतरवणं म्हणजे काय, तेही सांगते. लोकांना वाटतं औषध बंद केलं की माणूस उठतो. तसं नसतं. घशात श्वासाची नळी असते. स्नायूंमध्ये जोर परत आला आहे की नाही हे बघितल्याशिवाय ती काढता येत नाही, नाहीतर श्वास अडकतो. म्हणून भूलतज्ज्ञ पेशंटच्या हातात आपली दोन बोटं देतो आणि सांगतो, दाबा. पेशंटने जोरात दाबली, की समजायचं जोर आला.

फडणिसांनी बाईंच्या उजव्या हातात बोटं दिली. "बाई, हात दाबा."

काही नाही.

"शेटेबाई, ऐकू येतंय? माझी बोटं दाबा."

बोटं तशीच पडलेली. फडणिसांच्या कपाळावर घाम आला. बाईंचं वय, अंगातली ताकद आधीच गेलेली, ऑपरेशन लांबलेलं. त्यांनी मॉनिटरकडे बघितलं, परत हाक मारली. रेगे जायला निघालेले दारातून मागे फिरले. माझ्या मनात महेशचा तो चेहरा आला, दाराला टेकून उभा असलेला.

तेवढ्यात माझ्या हाताखाली काहीतरी हललं.

मी खाली बघितलं. ग्लोव्हला सुरकुत्या पडत होत्या. आतली बोटं मिटत होती. हळूहळू, मग एकदम घट्ट.

"डॉक्टर," मी म्हटलं, "डावीकडे या."

फडणीस टेबलाला वळसा घालून आले. त्यांनी बाईंच्या बांधलेल्या मुठीभोवती आपला तळहात ठेवला. "बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आम्ही कधी न ऐकलेला होता, "दाबा." मूठ आवळली गेली. "सोडा." सैल झाली. "परत दाबा." परत आवळली, अशी की बँडेजच्या कडा वर आल्या.

"फुल पॉवर," फडणीस म्हणाले आणि त्यांनी नळी काढली.

बाई खोकल्या. डोळे उघडले. पहिली नजर डाव्या हाताकडे गेली. मी ग्लोव्ह कापला, बँडेजचे वेढे सोडले, आणि शेवटचा वेढा त्यांच्या त्यांना सोडू दिला. तळहातावर ते तसंच होतं, काळंभोर, कोरडं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि बघत राहिल्या. रिकव्हरी रूममध्ये न्यायला माणसं ट्रॉली घेऊन उभी होती. फडणिसांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि स्वतःही थांबले. बाईंचं बघून होईपर्यंत कोणी हललं नाही.

मग महेशला सांगायला कोणीतरी जायला हवं होतं. तो मान माझा, नेहमी मीच जायची. मी दाराकडे निघाले तर फडणीस माझ्या पुढे गेले. दार ढकलून बाहेर उभे राहिले, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि महेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोघंही सुखरूप आहेत."